सिक्स सिग्मा : रिजेक्शन खरंच उतरतं, की फक्त बेल्टचा रंग बदलतो?

भोसरीचा बाळ्या (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसता वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

भोसरी एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघतो. नाव सांगत नाही, लगेच ओळखाल. साठ-सत्तर माणसं, अकरा सीएनसी. अ‍ॅल्युमिनियमचं एक हाउसिंग करतो, त्याला ३२ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे आरपार भोक. खालची मर्यादा ३२.०००, वरची ३२.०२५. म्हणजे खेळायला पंचवीस मायक्रॉन. महिन्याचं रिजेक्शन ३.२ टक्के. हे मालकांना तेवढं खुपत नव्हतं, पण गेल्या महिन्यात कस्टमरकडून दोनदा माल परत आला. तक्रार एकच : बोअर अंडरसाइज, शाफ्ट जात नाही. आणि आमच्या रिपोर्टात तेच पीस ओके!

कस्टमरचा माणूस येऊन गेला. ८डी (दोष का झाला आणि काय केलं त्याचा रिपोर्ट) मागितला, सीपीके (मापं मर्यादेत किती आरामात बसतात त्याचा आकडा) १.६७ दाखवा म्हणाला, आणि जाता जाता मालकांच्या कानात 'सिक्स सिग्मा' (चुका मोजून कमी करायची पद्धत) सोडून गेला. मालकांनी दुसऱ्याच दिवशी कन्सल्टंट गाठला. दहा जणांना ग्रीन बेल्ट (त्याच पद्धतीचं ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट), पाच दिवस, हॉटेलात, जेवणासकट. रक्कम लिहीत नाही, पण तेवढ्यात बोअर मोजायचं एक बरं एअर गेज आलं असतं.

तर प्रश्न असा की ज्यांनी हे खरोखर केलंय त्यांच्याकडे रिजेक्शन उतरलं का? की पीपीटी झाली, फोटो निघाला, आणि सोमवारपासून मागल्या पानावरून पुढे?

बेरकी बंडू

पहिला!

बेल्ट लावल्यावर पँट घसरायची थांबते का, एवढंच सांगा.

पेठेतला पोपट

कशाला पैसे घालवताय? आपल्या मुंबईच्या डबेवाल्यांकडे पाठवा दहाही जणांना. फारसं न शिकलेली माणसं, पण फोर्ब्सने त्यांना सिक्स सिग्मा दिलंय. साठ लाख डब्यांत एक चूक. इंग्लंडचा युवराज २००३ साली भेटून गेला. आपल्याकडचं सोनं आपल्याला दिसत नाही, हेच दुर्दैव.

गणिती काका

डबेवाल्यांकडे नंतर येऊ. आधी सिग्मा म्हणजे काय ते बघू, कारण या शब्दावर जेवढी पोटं भरतात तेवढा तो अवघड नाही.

बाळ्या, तुझे शंभर बोअर ओळीने मोजले तर शंभरही सारखे येणार नाहीत. सरासरीच्या अलीकडे-पलीकडे पसरतील. तो पसारा किती, याचं माप म्हणजे सिग्मा, आपण शाळेत प्रमाण विचलन म्हणायचो ते. तुझी खिडकी पंचवीस मायक्रॉनची. तिच्या मधोमध उभं राहिलं तर दोन्हीकडे साडेबारा-साडेबारा. कस्टमर जो १.६७ मागतोय त्याचा अर्थ या साडेबारात पाच सिग्मा मावले पाहिजेत, म्हणजे तुझा सिग्मा अडीच मायक्रॉनच्या वर जाता कामा नये. सिक्स सिग्मा म्हणजे सहा मावले पाहिजेत, म्हणजे दोनच्या जवळपास. बस. बाकी सगळा थाट.

आता ते सुप्रसिद्ध '१० लाखांत ३.४ चुका'. गणिताने बघितलं तर सरासरी बरोब्बर मध्यावर असताना सहा सिग्माच्या बाहेर पडणारे पीस १०० कोटींत दोन. मग ३.४ आले कुठून? मोटोरोलावाल्यांनी (ही पद्धत त्यांच्याच कंपनीतून निघाली) असं धरलं की कोणतीही प्रक्रिया दिवस जातील तशी मध्यावरून दीड सिग्मा सरकतेच. सहातून दीड गेले, राहिले साडेचार, आणि साडेचारच्या पलीकडे १० लाखांत ३.४. हा दीड कुठल्या सिद्धान्तातून आलेला नाही, तो अनुभवाचा ठोकताळा. त्यांच्या कारखान्यात तो बरोबर असेल. तुझ्या अकरा मशीनवर किती सरकतं, ते तुझ्या अकरा मशीनला विचार.

ता. क. तुझे ३.२ टक्के म्हणजे १० लाखांत ३२,०००. त्यांच्या तक्त्यात हे साधारण ३.३५ सिग्मा भरतात. तेव्हा 'आम्ही तीन सिग्मावाले' असं आजपासून सांगायला हरकत नाही.

काळा_पट्टा

मी ब्लॅक बेल्ट आहे (खरा, कराटेतला नाही, बंडूशेठ). बारा वर्षं हेच करतो म्हणून थोडं बोलतो.

काकांचं गणित बरोबर, पण सिक्स सिग्मा नुसतं गणित नाही. १९८६ साली मोटोरोलात बिल स्मिथ नावाच्या इंजिनिअरने हे मांडलं तेव्हा त्याचं निरीक्षण साधं होतं. जो माल बनताना दुरुस्त करावा लागला, तोच पुढे गिऱ्हाइकाकडे लवकर बिघडतो. पहिल्या फटक्यात नीट झालेला टिकतो. १९८८ मध्ये मोटोरोलाला अमेरिकेचं गुणवत्तेसाठीचं बाल्ड्रिज पारितोषिक मिळालं, १९९५ पासून जीईचा (जनरल इलेक्ट्रिकचा) प्रमुख जॅक वेल्शने तिथे ते राबवलं आणि मग जगभर लाट आली.

पद्धत पाच पायऱ्यांची : व्याख्या करा, मोजा, कारण शोधा, सुधारा, आणि सुधारलेलं घसरू देऊ नका. माझ्या अनुभवात नव्वद टक्के प्रोजेक्ट दुसऱ्या पायरीवर मरतात. लोकांना थेट चौथीवर उडी मारायची असते.

बाळ्या, एक विचारतो. ३.२ टक्क्यांत रिवर्क धरलाय का? अंडरसाइज बोअर परत मशीनवर चढवून मोठा करता येतो, तो कुठे लिहिता? वीस ऑपरेशन्स असतील आणि प्रत्येकात ९९ टक्के बरोबर होत असेल, तरी न अडखळता शेवटपर्यंत पोचणारे ८२ टक्क्यांच्या आतच असतात. उरलेले अठरा कुठेतरी कोपऱ्यात दुरुस्त होत असतात. फाइगेनबॉम या क्वालिटीतल्या तज्ज्ञाने याला लपलेला कारखाना म्हटलंय. पगार त्यालाही द्यावा लागतो.

बेरकी बंडू

आता '९९ टक्के बरोबर असलं तरी दर दिवशी इतकी विमानं चुकीची उतरतील आणि इतकी बाळं डॉक्टरांच्या हातून पडतील' ही स्लाइड येऊ द्या. तिच्याशिवाय ट्रेनिंग पुरं होत नाही. मी आजवर चार ट्रेनिंगांत तीच बाळं पडताना पाहिली आहेत.

काळा_पट्टा

@बंडू : ती स्लाइड माझ्याकडे पण आहे. गप्प बसतो.

निवृत्त फोरमन

बाळासाहेब, मी पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली. आमच्या वेळी बेल्ट नव्हते, क्वालिटी सर्कल होती. दर गुरुवारी शिफ्ट सुटल्यावर अर्धा तास, चहा कंपनीचा. फळ्यावर माशाचा सांगाडा काढायचा, डोक्याशी दोष लिहायचा, आणि काट्याकाट्याला माणूस, मशीन, माल, पद्धत. इशिकावा या जपानी तज्ज्ञाचा मासा. त्यात एकदा 'कारण : साहेब' असा काटा कोणीतरी काढला होता, तो पुसायला साहेबच आले.

हे सगळं जपानातून आलं असं आपण म्हणतो. पण कंट्रोल चार्टचा (मापांची टिंबं मांडून काही बिघडतंय का ते दाखवणाऱ्या तक्त्याचा) जनक, अमेरिकन शूहार्ट स्वतः १९४७-४८ साली भारतात येऊन गेला होता, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या बोलावण्यावरून. गावोगाव फिरला, कारखानदारांशी बोलला. त्याच्या शिष्याची, डेमिंगची, जपानमधली गाजलेली व्याख्यानं १९५० सालची. म्हणजे गुरुजी आपल्याकडे आधी येऊन गेले होते. गृहपाठ जपान्यांनी केला.

असो. एकच विचारायचं होतं. जॉब मशीनवरून काढल्यावर किती वेळाने मोजता? अ‍ॅल्युमिनियम आहे म्हणून विचारतो.

दादरची वैदेही

@पेठेतला पोपट

डबेवाल्यांबद्दल मलाही अभिमान आहे, माझ्या बाबांचा डबा वीस वर्षं त्यांच्याकडे होता. पण 'फोर्ब्सने सिक्स सिग्मा दिलं' हे खरं नाही. फोर्ब्स मासिक आहे, ते असली सर्टिफिकेटं वाटत नाही. १९९८ साली त्यांच्यावर लेख आला होता, आणि तो लिहिणाऱ्या पत्रकारानेच नंतर सांगितलं की मी तो शब्द वापरलेलाच नाही.

आकड्याची तर मजाच आहे. कुठे साठ लाखांत एक, कुठे ऐंशी लाखांत एक, कुठे एक कोटी साठ लाखांत एक. चूक कोण मोजतं, कुठल्या वहीत, हे कोणीच सांगत नाही.

पेठेतला पोपट

म्हणजे आता डबेवाले पण खोटे? धन्य. परदेशी माणसाने लिहिलं असतं तर मान डोलावली असती.

दादरची वैदेही

अहो, डबेवाले खोटे असं कुठे म्हटलं मी? व्हॉट्सअ‍ॅपवरचं सर्टिफिकेट खोटं. डबेवाले खरेच.

आणि त्यांचं खरं कौतुक त्या आकड्यात नाहीच. डब्याच्या झाकणाकडे बघा. मधोमध मोठा आकडा, तो डबा जायचा तो भाग. कडेला डबा पोचवणाऱ्याचा नंबर, इमारतीची अक्षरं, मजला. आणि रंग-खूण कुठल्या स्टेशनवरून निघाला त्याची. झाकणावर याहून जास्त मावत नाही, म्हणून जास्त लिहीत नाहीत. प्लॅटफॉर्मवर वर्गवारी करणाऱ्याला वाचायचं नसतंच, ओळखायचं असतं. प्रत्येक गटात काही माणसं जास्तीची असतात, कोणी आजारी पडला की उभी राहायला. आणि जी गिऱ्हाइकीण रोज डबा उशिरा देते तिला दोन-चारदा सांगतात आणि मग सोडून देतात! आमच्या शेजारच्या काकूंना सोडलं होतं. एका घराच्या उशिरापायी सगळी साखळी लोकलला चुकते, हे त्यांना कुठल्या बेल्टने शिकवलेलं नाही.

काळा_पट्टा

वैदेही, +१००. आणि कुठल्याही कंपनीला 'सिक्स सिग्मा कंपनी' असं सर्टिफिकेट देणारी अधिकृत संस्था जगात नाहीच. आयएसओ ९००१ सारखं ते नाही. बेल्ट माणसांना मिळतात, तेही ज्याच्या त्याच्या संस्थेचे.

हिंजवडीचा हमाल

आयटीतून दोन पैसे.

आमच्याकडे 'डिफेक्ट कमी करा' असं वरून आलं. तिमाही संपायला आठ दिवस. तर डिफेक्ट कमी झाले, कसे? पी-वन (सगळ्यात तातडीचे) होते ते पी-थ्री झाले. पी-थ्री होते ते 'सूचना' झाले. आणि 'सूचना' होत्या त्या 'कस्टमरला समजलं नाही' या खात्यात गेल्या. डॅशबोर्ड हिरवागार. आमच्या टीममध्ये अशा प्रोजेक्टला कलिंगड म्हणतात, वरून हिरवं, कापलं की लाल.

मी ज्याच्या नावावर ग्रीन बेल्ट केला ते प्रोजेक्ट म्हणजे 'तिकीट (गिऱ्हाइकाची नोंदवलेली तक्रार) बंद करायचा सरासरी वेळ'. तो ४० टक्के उतरवला. कसा, ते सांगू? तिकीट बंद करायचं आणि गिऱ्हाइकाने बोंब मारली की नवीन उघडायचं. सर्टिफिकेट फ्रेम करून आईने हॉलमध्ये लावलंय, काढवत नाही.

उनाड पाखरू

हिंजवडीच्या हमालाला दंडवत. वाखुसा (वाचनखूण साठवली).

सूक्ष्मदर्शिनी

हमालभाऊंचं वाचून हसू आलं आणि मग जरा ओशाळले, कारण आमच्या क्षेत्रातही हेच चालतं आणि तिथे तिकिटाच्या जागी पेशंट असतो.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. रोज सकाळी पेशंटचे नमुने लावण्याआधी मशीनला कंट्रोल लावतो, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं सीरम. जे उत्तर येईल त्याचं टिंब तक्त्यावर मांडायचं. फोरमनकाकांनी ज्या शूहार्टचं नाव घेतलं, त्याचाच तक्ता लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० साली लॅबमध्ये आणला. पुढे १९८१ मध्ये वेस्टगार्डने नियम बसवले. एक टिंब तीन एसडीच्या (काकांचं प्रमाण विचलन) बाहेर, थांबा. लागोपाठ दोन टिंबं एकाच बाजूला दोन एसडीच्या बाहेर, थांबा. लागोपाठ दहा टिंबं सरासरीच्या एकाच बाजूला, सगळी आत असली तरी थांबा, काहीतरी हळूहळू सरकतंय.

मी आधी जिथे होते तिथे काय व्हायचं? कंट्रोल बाहेर गेला की परत लावायचा. परत बाहेर, परत लावायचा. तिसऱ्यांदा आत आला की तोच रजिस्टरात. तपासणीला येणारे तक्ता बघून खूश, सगळी टिंबं कशी मध्याला चिकटून. मला तर तो तक्ता बघूनच शंका यायची. जिवंत मशीनचा तक्ता असा नसतो, तो थोडा थरथरतो.

एकदा सोडियमचा कंट्रोल सलग अकरा दिवस सरासरीच्या वर होता. एकही टिंब दोन एसडीच्या बाहेर नाही, म्हणून कोणी बघितलं नाही. मी सिनिअरना दाखवलं तर म्हणाले, 'आत आहे ना? मग?' बाराव्या दिवशी इलेक्ट्रोड बदलला आणि टिंब धपकन खाली आलं. मधल्या अकरा दिवसांचे रिपोर्ट केव्हाच घरोघरी गेले होते. फरक बारीक होता, कोणाचं काही बिघडलं नसेल. पण मी ते अजून विसरलेले नाही.

निवृत्त फोरमन

ताई, तुमचं रजिस्टर आणि आमचं रजिस्टर सख्खी भावंडं आहेत. आमच्याकडे रीडिंगच्या रकान्यात सगळीकडे 'ओके' लिहायचे. मी म्हणायचो, अरे ओके हा आकडा नाही.

बाळासाहेब, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

चकलीवाल्या आजी

मी काही इंजिनिअर नाही, पण धाग्याचं नाव बघून आले. नाशिकला घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. आमचंही रिजेक्शन असतं बरं का. तुटकी चकली डब्यात भरता येत नाही, ती घरी खावी लागते, आणि आमचे हे त्यासाठी टपलेलेच असतात.

नातवाने गेल्या दिवाळीत कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या बाजूला रेघा ओढून दिल्या. म्हणाला, आजी, प्रत्येक घाण्याला किती तुटल्या तेवढ्या काड्या मार. मला वाटायचं तुटतात त्या मोहन जास्त पडल्यामुळे. काड्या मोजल्यावर दिसलं की दर गोळ्यातल्या पहिल्या दोन घाण्यांना एखाददुसरीच तुटते, शेवटच्या दोनांना आठ-आठ, नऊ-नऊ. म्हणजे मोहनाचा दोष नव्हताच, भिजवलेलं पीठ शेवटापर्यंत सुकत होतं. आता मी एकदम दोन किलो भिजवत नाही, अर्धा-अर्धा किलो भिजवते. ह्यांची मात्र पंचाईत झाली आहे.

बेरकी बंडू

आजींना ब्लॅक बेल्ट. लगेच. काळा_पट्टा यांनी आपला काढून द्यावा.

काळा_पट्टा

देतो. मस्करी नाही, आजींनी जे केलं त्याला आम्ही 'स्तरीकरण' म्हणतो आणि त्यावर अर्धा दिवस घेतो. सगळ्या तुटक्या चकल्या एका टोपलीत मोजल्या असत्या तर काहीच कळलं नसतं. घाण्यांच्या क्रमाने मोजल्या म्हणून कळलं. बाळ्या, तुझे ३.२ टक्के सध्या एकाच टोपलीत आहेत. मशीन, शिफ्ट, तास, माणूस असे वेगवेगळे कर.

भाऊसाहेब टीकाकार

सगळे गोडगोड बोलतायत म्हणून थोडा कडूपणा. मोटोरोलाने सिक्स सिग्मा जन्माला घातलं, आणि १९९८ मध्ये मोबाइलमध्ये नोकिया पुढे निघून गेली. थ्रीएम कंपनीत २००१ साली जीईहून आलेल्या सीईओ मॅकनर्नीने सगळीकडे सिक्स सिग्मा लावलं, संशोधन विभागातसुद्धा. पुढच्या सीईओला संशोधकांच्या मागचा तो ससेमिरा काढावा लागला. नवीन कल्पना म्हणजे चुकाच असतात हो सुरुवातीला. त्या १० लाखांत ३.४ वर आणल्या तर काय शोध लागणार, कपाळ!

गणिती काका

@भाऊसाहेब : अंशतः सहमत. पण बाळ्याला नवीन शोध लावायचा नाहीये, त्याला ३२ चा बोअर ३२ चाच पाडायचा आहे. तिथे कल्पकता नको. सर्जनशील बोअर कस्टमर परत पाठवतो.

आणि बाळ्या, एक सावधगिरी. प्रत्येक पीस मोजून प्रत्येक वेळी ऑफसेट (मशीनच्या मापाची सेटिंग) हलवत असाल तर ते आधी बंद करा. डेमिंग नरसाळ्यातून गोटी टाकून दाखवायचा : गोटी जिकडे चुकली त्याच्या उलट दिशेला दर वेळी नरसाळं सरकवलं, तर गोट्या जवळ येण्याऐवजी आणखी पसरतात. हिशेब केला तर पसारा जवळजवळ ४१ टक्क्यांनी वाढतो. हात न लावता जेवढं बिघडलं असतं त्याहून जास्त, निव्वळ काळजीपोटी.

नागोयाची निमा

इकडे जपानमध्ये एका पुरवठादार कारखान्यात आहे. बेल्ट वगैरे कोणाच्या तोंडी ऐकलं नाही. लाइनवर दोरी असते, काही वावगं वाटलं की ओढायची, दिवा लागतो, लीडर धावत येतो. मी नवीन असताना चुकून, म्हणजे खरंच काही नसताना ओढली. जीव खाली-वर. लीडर आला, बघितलं, 'ओढल्याबद्दल आभार' म्हणाला आणि गेला. मला वाटलं टोमणा मारला. नव्हता.

पुण्यात पहिल्या नोकरीत मशीन थांबवलं होतं तेव्हा काय ऐकून घ्यावं लागलं होतं ते इथे लिहिता येणार नाही, संपादक उडवतील.

हिंजवडीचा हमाल

अवांतर : चकलीवाल्या आजी, हिंजवडीला कुरिअर करता का? तुटकी पण चालेल.

चकलीवाल्या आजी

तुटकी आता होत नाही रे. अख्खी घ्यावी लागेल.

भोसरीचा बाळ्या

माफ करा, तीन आठवडे गायब होतो. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत आणि मी पोच पण दिली नाही. पण रिकामा बसलो नव्हतो.

फोरमनकाका, तुमचा प्रश्न मी पहिल्यांदा वाचला तेव्हा 'काढल्या काढल्या मोजतो, अजून कधी मोजणार' असं मनात म्हणून पुढे गेलो होतो. दुसऱ्यांदा विचारलात तेव्हा टोचलं.

आधी गेज तपासलं. दहा पीस, तीन इन्स्पेक्टर, प्रत्येकी दोनदा, एकमेकांचं न बघता. दोघांचं बरं जमलं. तिसरा डायल बोअर गेज आत घालून सरळ वाचत होता, मागेपुढे डोलवून काटा जिथून उलटा फिरतो ती जागा धरतच नव्हता. सहा-सात मायक्रॉनचा फरक तिथेच. दोन वर्षं तो तसंच मोजतोय, आणि कोणी शिकवलं नाही यात चूक माझीच.

मग तीस पीस घेतले, नंबर टाकले, मशीनवरून काढल्या काढल्या मोजले, टेबलावर ठेवले, आणि दोन तासांनी परत मोजले. सरासरी आठ मायक्रॉनने बारीक! गणिती काका, हिशेब मी पण केला. अ‍ॅल्युमिनियम डिग्रीला मीटरमागे २३ मायक्रॉन फुगतं, ३२ मिलिमीटरला दहा-अकरा डिग्री जास्त म्हणजे बरोबर आठ. पंचवीसच्या खिडकीतले आठ आम्ही फुकट घालवत होतो. आम्हाला ओके दिसलेला पीस कस्टमरकडे पोचेपर्यंत थंड होऊन अंडरसाइज होत होता.

हे सगळं घेऊन सेकंड शिफ्टला गेलो. तिथे एक मामा आहेत, वीस वर्षं लेथवर. त्यांना तक्ता दाखवला तर म्हणाले, "साहेब, गरम जॉब मोठाच दाखवतो. थंड झाला की बसतो खाली. मी म्हणून सात-आठ वर ठेवून चालवतो."

म्हटलं, मामा, मग सांगितलं का नाही?

"विचारलं कोणी? आणि लिहायला गेलं तर फायनलवाला म्हणतो, एवढं वर का चालवतो, मध्याला घे. मग मी मध्याचं लिहितो आणि वर चालवतो."

म्हणजे माझ्या रजिस्टरातली सेकंड शिफ्टची रीडिंगं दोन वर्षं मामांनी माझ्या समाधानासाठी लिहिलेली होती. आणि त्याच शिफ्टचा माल कधी परत आला नव्हता.

फर्स्ट शिफ्टचा पोरगा नवीन, तो गरम पीस मध्याला ठेवतो, त्याचा माल थंड होऊन परत आला. थर्डवाल्याने मामांचं अर्धवट ऐकलं होतं, तो अजून वर ठेवायचा, त्याचे पीस गरम असताना २५ च्या वर जायचे आणि ओव्हरसाइज म्हणून भंगारात. भंगाराच्या ड्रममधून त्याचे बावीस पीस शोधून मोजले. चौदा ओके निघाले. चांगला माल आम्ही किलोवर विकत होतो.

आता मशीनशेजारी रॅक ठेवलाय, पीस त्यावर थंड होतो, मग मोजतो. गेज जुळवायची सेटिंग रिंगही तिथेच. ऑफसेट पाच पीसच्या सरासरीवरच हलवायचा, तोही चार्ट सांगेल तेव्हा. 'ओके' लिहायला बंदी, आकडाच लिहायचा. कस्टमरकडून या तीन आठवड्यांत एकही तक्रार नाही. भंगाराचा ड्रम नेहमीच्या निम्माच भरला. तीन आठवडे म्हणजे काही फार नाही, पावसाळा आणि मग थंडी येऊ द्या, तेव्हा परत बघू.

आता घोळ ऐका. काळा_पट्टा यांनी रिवर्कचं विचारलं होतं. आमच्याकडे अंडरसाइज पीस एका निळ्या क्रेटमध्ये पडतात, शनिवारी कोणीतरी ते परत चालवतो, कुठेच नोंद नाही. मी ते मोजायला लावले. भंगार अधिक क्रेट मिळून महिन्याचा आकडा आला ६.८ टक्के. तो मी फळ्यावर लिहिला. मालक काल आले, फळा बघितला आणि म्हणाले, "बेल्ट घ्यायच्या आधीच डबल करून ठेवलंत?"

समजावून सांगितलं की हे आधीपासून होतं, फक्त लिहिलेलं नव्हतं. म्हणाले, मग लिहायच्या आधी बरं होतं. कन्सल्टंटची तारीख पुढच्या सोमवारची ठरली आहे. दहाच्या ऐवजी दोघांनाच पाठवा, एक मी आणि एक मामा, असं मी म्हटलंय. मामांना इंग्रजी येत नाही, त्यावर अडलंय.

काळा_पट्टा

मामांना इंग्रजी येत नसेल तर कन्सल्टंटने मराठीत शिकवावं. नाही जमलं तर मला व्यनि (खाजगी निरोप) करा, रविवारी भोसरीत येतो, पैसे नकोत. मामांकडून मलाच दोन गोष्टी कळतील.

गणिती काका

फळ्यावरचं ६.८ पुसू नकोस. शेजारी जुनं ३.२ पण लिहून ठेव.

निवृत्त फोरमन

आणि मालकांना आकडा दाखवू नका, ती निळी क्रेट त्यांच्या केबिनमध्ये नेऊन ठेवा. भरलेली.

भोसरीचा बाळ्या

ठेवली. आत्ताच. मामा आणि मी दोघांनी उचलली, चांगलीच जड आहे. मालक लंचला गेलेत. आले की कळवतो.